देवमासा मासा की नव्हे?

आपल्या मराठीने या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. मासा तर मासा, वर देवही! मासळीबाजारात कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्यासुद्धा जिथे मासळीतच मोडतात, तिथे देवमाशाची काय कथा? पण हाच प्रश्न एकदा चक्क कोर्टात गेला होता. ती हकीकत मला प्राणिशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मौजेची वाटते.

साल १८१८. न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की, माशाचे तेल सरकारी तपासनिसाने तपासल्यावाचून त्याचा व्यवहार होऊ नये. लवकरच तपासनीस जेम्स मॉरिस यांनी सॅम्युएल जड या व्यापाऱ्यावर तीन पिंपांबद्दल ७५ डॉलर दंडाचा दावा लावला. जड यांचे उत्तर साधे होते : तेल देवमाशाचे, देवमासा मासा नव्हे, सबब दंड लागू नाही! रक्कम क्षुल्लक, परंतु त्या काळी दिवे आणि मेणबत्त्या देवमाशाच्या जिवावर जळत, तेव्हा सारा तेलबाजार या खटल्याकडे कान लावून बसला असल्यास नवल नाही.

डिसेंबरअखेर सुनावणी झाली. जड यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. सॅम्युएल मिचिल. न्यूयॉर्कच्या माशांवर ग्रंथ लिहिलेला हा विद्वान. त्यांच्या बाजूचे शास्त्र पक्के होते. माशाला कल्ले असतात, पाण्यातला प्राणवायू तो त्यांतून घेतो; देवमाशाला फुप्फुसे, म्हणून त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. माशाचे हृदय दोन कप्प्यांचे, देवमाशाचे आपल्यासारखे चार कप्प्यांचे. त्याचे रक्त उष्ण, आणि मादी पिलाला अंगावर पाजते. शेपूटही पाहा : माशाचे उभे, डावी-उजवीकडे हलणारे, देवमाशाचे आडवे, वर-खाली हलणारे. ॲरिस्टॉटलने यांतले पुष्कळसे टिपून ठेवले होते, आणि लिनियसने १७५८ मध्ये देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवलेही होते.

साक्षीदारांत देवमाशांची शिकार केलेले एक कप्तानही होते. त्यांचे नाव प्रिझर्व्हड फिश, म्हणजे मराठीत 'जतन केलेला मासा'! मला वाटते, एवढ्या नावाचा माणूस कादंबरीत घातला असता तर वाचकांनी लेखकाचे कान उपटले असते. त्यांनीही देवमासा मासा नव्हे, असेच सांगितले.

मॉरिसतर्फे विल्यम सॅम्पसन हे वकील होते. बायबलात पाण्यातले, हवेतले आणि जमिनीवरचे असे जीवांचे वर्ग आहेत. सामान्य माणूस देवमाशाला मासाच म्हणतो. मग कायद्यातल्या शब्दाचा अर्थ पंडितांना विचारायचा की बाजाराला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि मला तो आजही तितकासा सुटलेला दिसत नाही. ज्यूरीने पंधरा मिनिटांत निकाल दिला : देवमासा मासाच! जड हरले. मात्र पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून देवमाशाचे तेल त्यातून वगळले.

शास्त्र तिथे थांबले नाही. १८६६ मध्ये कोव्हालेव्स्की या रशियन संशोधकाने दाखवले की, खडकाला चिकटून बसणाऱ्या, पिशवीसारख्या एका समुद्रप्राण्याच्या पिलात पाठीच्या बाजूने एक लवचिक दांडी असते. तिला पृष्ठरज्जू म्हणतात. तिच्यावर पोकळ चेतारज्जू, घशाशी फटी आणि गुदद्वाराच्या मागे शेपूट, ही लक्षणे आयुष्यात केव्हा तरी ज्यांच्यात दिसतात ते सारे रज्जुमान प्राणी. त्यांत ती पिशवी आली, बांगडा आला, देवमासा आला, आणि आईच्या पोटात असताना आपणही आलो.

बिचाऱ्या ज्यूरीला एक गोष्ट ठाऊक असती तर बरे झाले असते. जबडा नसलेले लॅम्प्रे, कूर्चेच्या सांगाड्याचे मुशी आणि पाकट, हाडांच्या सांगाड्याचे रोहू आणि पापलेट, या सर्वांना मिळून 'मासे' म्हणणे ही आता निव्वळ सोय मानली जाते. फुप्फुसाने श्वास घेणारा फुप्फुसमासा वंशाच्या नात्याने रोहूपेक्षा आपल्याला, आणि अर्थात देवमाशालाही, अधिक जवळचा आहे.