लोरीनामा

बाळ जन्मलं की आपल्याकडे आधी त्याच्या कानात अजान देतात. जगाशी त्याची पहिली ओळख आवाजातून, तीही लयीतल्या आवाजातून होते. तरीही पाळण्याशी गुणगुणणाऱ्या आईला ‘गाणं कशाला?’ असं विचारणारं कुणीतरी घरात निघतंच. अलीकडे जरा जास्तच. अशा वेळी मला इब्न सीना (९८०–१०३७) आठवतो.

त्याच्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात तान्ह्या बाळाच्या संगोपनाचं प्रकरण आहे. दूध, आंघोळ, झोप यांच्याबरोबर तो दोन गोष्टी सांगतो : बाळाला हळुवार झुलवणं आणि त्याला गाऊन निजवणं. एकीचा फायदा शरीराला, दुसरीचा मनाला. हे त्याने औषधपाण्याच्या ग्रंथात लिहिलंय, करमणुकीच्या नव्हे. आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येतं, जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं, हे आज विज्ञान सांगतं. शब्दांचा अर्थ फार नंतर येतो. त्याआधी बाळ भाषेचे चढउतार आणि ठेका पकडतं. गाण्यात तेच ठळक होऊन पुन्हापुन्हा येतं.

आपल्या दख्खनमध्ये हे सूफींनी ओळखलं होतं. विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दख्खनी भाषेत चक्कीनामे, चरखानामे आणि लोरीनामे रचले गेले. दळताना, सूत कातताना, पाळणा हलवताना बायकांनी म्हणायची ही गाणी. एका चक्कीनाम्यात जात्याच्या उभ्या खुंट्याला ‘अलिफ’ म्हटलंय, म्हणजे अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर. तत्त्वज्ञानाच्या जाड पोथ्या बाजूला ठेवून रोज हाताखाली असलेल्या वस्तूतून तौहीद सांगायची ही रीत मला फार आवडते. जात्यावरच्या ओवीची सवय असलेल्या मुलखात ती परकी वाटण्याचं कारणच नव्हतं.

इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या विजापूरच्या सूफींवरील पुस्तकात या गाण्यांची दखल घेतली. त्यांचं लक्ष इस्लाम घराघरांत कसा पोचला याकडे आहे. माझं लक्ष मात्र जात्यापाशी आईच्या मांडीवर झोपलेल्या लेकराकडे जातं. मौलवीसाहेबांकडे जाण्याच्या कितीतरी आधी ते ‘अलिफ’ ऐकत होतं, दळणाच्या घरघरीत, आईच्या श्वासासकट.

आता जातं गेलं. ते परत यावं असंही मी म्हणणार नाही. पहाटे उठून दळणाऱ्या बायकांचे हात विचारा. पण जात्याबरोबर गाणंही गेलं आणि त्या जागी मोबाइल आला. तो गातो, पण बाळ हुंकारलं तर थांबत नाही, त्याच्याकडे बघून पुन्हा सुरू करत नाही. आई ते करते. आवाज बरा नसला तरी.

दख्खनी फारसी लिपीत लिहिली जाई, म्हणून माझ्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्याला हे लोरीनामे थेट वाचता येत नाहीत. कुणा जाणकाराने त्यातले चार-दोन देवनागरीत उतरवून दिले, तर आपल्या घरांतल्या आयांना अर्थ विचारावा लागणार नाही. बोली त्यांचीच आहे.