मन खातं तेव्हा

आपल्याकडे 'मन खातं' असं म्हणतात. कुणी काही बोललेलं नसतं, कुणाला काही कळलेलंही नसतं, आणि तरी आतून काहीतरी कुरतडत राहतं. इतकी वर्षं मराठी शिकवली, पण या वाक्यात कर्ता कोण आणि कर्म कोण, हे वर्गात कधी सोडवायला दिलं नाही. मनच खातं आणि खातं ते मला. म्हणजे मी आणि माझं मन दोन झालो की!

या 'दोन होण्या'वर बारकाईने विचार केलेली दोन घराणी गेली दोन-तीन वर्षं मी वाचते आहे. एक इस्लामी, त्यातही सूफी परंपरेचं. दुसरं व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉईडचं (१८५६–१९३९). फ्रॉईड आम्हाला शिक्षकी अभ्यासक्रमात 'इदम्, अहम्, पराहम्' असा पाठ करावा लागला होता. त्या शब्दांना इतका कडक इस्त्रीचा वास की हे तिघं आपल्याच आत राहतात असं वाटेचना. पुढे वाचनात आलं की फ्रॉईडने जर्मनमध्ये अगदी घरगुती शब्द वापरले होते: 'ते', 'मी' आणि 'वरचा मी'. लॅटिनचा मुलामा इंग्रजी भाषांतरकारांनी दिला. शिवाय तो मनाला बरेचदा 'झेले' म्हणतो, म्हणजे चक्क 'जीव'. देवधर्म न मानणारा हा गृहस्थ जिवाविषयीच लिहीत होता.

इस्लामी बाजूचे शब्द तर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलेले आहेत. 'अक्कल' हा अरबी 'अक्ल'. 'गाफील' तिथलाच, आणि सूफी लोक ज्या बेसावधपणाला सगळ्यात जास्त घाबरतात ती ही 'गफलत'. 'हिशेब'ही त्यांचाच. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-मुहासिबी नावाचे एक सत्पुरुष होऊन गेले (मृत्यू ८५७). 'मुहासिबी' म्हणजे हिशेब घेणारा. कुणाचा? स्वतःचा. दिवसभर काय केलं आणि कुठल्या हेतूने केलं, याचा रात्री जमाखर्च मांडायचा.

आता मुख्य शब्द, 'नफ्स'. याला मराठीत एक शब्द सापडत नाही. जीव, मन, 'मी'पणा, वासना, सगळ्यात थोडाथोडा आहे. कुराणात त्याच्या तीन अवस्था तीन वेगवेगळ्या ठिकाणी आल्या आहेत. वाईटाकडे हुकूम सोडणारा तो 'अम्मारा' (सूरा १२). स्वतःलाच बोल लावणारा 'लव्वामा' (सूरा ७५). आणि शांत, निवांत झालेला 'मुत्मइन्ना' (सूरा ८९). रूह त्याहून निराळी. ती ईश्वराच्या आज्ञेतली गोष्ट, तिच्याविषयी माणसाला फार थोडं ज्ञान दिलं आहे, असं कुराणच सांगतं (सूरा १७). त्यामुळे विचारवंतांनी जास्त शाई नफ्सवर खर्च केली. त्याच्याशी करायची झुंज ही तर सूफींची आयुष्यभराची मोहीम. आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिला, त्याचं नाव 'योगसंग्राम' आहे, हे इथे आठवतं.

तीन इकडे, तीन तिकडे, हे पाहून पुष्कळ जण लगेच तक्ता करतात. अम्मारा म्हणजे इदम्, लव्वामा म्हणजे पराहम्, मुत्मइन्ना म्हणजे अहम्. परीक्षेत उत्तर म्हणून छान दिसेल, पण मी गुण देणार नाही. फ्रॉईडचे तिघं एका घरातले कायमचे भाडेकरू आहेत. जन्मभर भांडणार, पण घर कुणी सोडणार नाही. नफ्स मात्र एकच आहे आणि त्याने पहिल्या अवस्थेतून तिसरीकडे चालत जायचं आहे. शिवाय पराहम् तयार होतो तो आईबापांच्या आवाजातून. लव्वामा हे जीव जागा होऊ लागल्याचं लक्षण आहे. हा फरक नुसता पुस्तकी नाही. त्याच्याकडे मी येतेच, पण आधी एका माणसाची गोष्ट सांगायला हवी.

अबू हामिद अल-गझाली. जन्म १०५८, खोरासानातल्या तूस गावी. वडील लोकर कातणारे, स्वतः न शिकलेले, पण मुलं विद्वान व्हावीत ही त्यांची आस, असं चरित्रकार सांगतात. मुलगे लहान असतानाच ते गेले. १०९१ मध्ये सेल्जुकांचा वजीर निझाम-उल-मुल्क याने गझालींना बगदादच्या निझामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमलं. वय तेहेतिसाच्या आसपास, हाताखाली ३०० विद्यार्थी. पुढच्याच वर्षी वजिराचा खून झाला. आणि १०९५ च्या उन्हाळ्यात या माणसाची वाचा बसली. आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलं आहे. जवळजवळ सहा महिने जायचं की राहायचं यात हेलकावे. सकाळी निश्चय, संध्याकाळी तो मोडलेला. मग एक दिवस शिकवायला तोंड उघडलं तर शब्द येईना. घास गिळेना, पाणी उतरेना. वैद्यांनी हात टेकले. दुखणं हृदयातून शरीरात उतरलंय, तिथली चिंता हटल्याशिवाय आमच्या औषधाचा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं.

ज्या शिक्षकाचा घसा कधी ऐन परीक्षेच्या तोंडावर बसला असेल, त्याने ही पानं वाचावीत. मी शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीतून वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जाईनात.

गझालींचं स्वतःचं निदान असं, की आपण विद्या देतो ती ईश्वरासाठी नाही, मानमरातबासाठी. हा हेतू तपासला तेव्हा पायाखालची कड ढासळताना दिसली. ईश्वरानेच जिभेला कुलूप घातलं. मग त्यांनी मक्केला जातो असं सांगून बगदाद सोडलं, कुटुंबापुरतं ठेवून बाकीचं वाटून टाकलं आणि दमास्कसला जाऊन मशिदीच्या मिनारात स्वतःला कोंडून घेऊ लागले. पुन्हा शिकवायला उभे राहिले ते ११०६ मध्ये, निशापूरला. ११११ मध्ये तूसलाच वारले. वजिराच्या खुनानंतर राजकारणात जिवाला धोका होता म्हणून ते पळाले, असंही काही इतिहासकारांना वाटतं. असेलही. माणसाला एका वेळी दोन भीती वाटू शकतात.

फ्रॉईडकडे १९०० साली एक अठरा वर्षांची मुलगी आली होती. १९०५ मध्ये त्याने तिची हकीकत 'डोरा' या टोपणनावाने छापली. तिचाही आवाज अधूनमधून जाई. फ्रॉईडने पडताळून पाहिलं तर ओळखीतला एक विशिष्ट पुरुष परगावी असण्याच्या काळाशी ते जुळत होतं. ज्याच्याशी बोलायचं तोच नाही, मग बोलून काय करायचं, असा त्याने अर्थ लावला. मुलीला तो फारसा पटला नाही. अकरा आठवड्यांत तिने उपचार सोडले, आणि मला ती अगदीच चुकली असं वाटत नाही.

पण हाच फ्रॉईड गझालींसमोर बसला असता तर? त्याने बापाविषयी विचारलं असतं. लोकर कातणारा, न शिकलेला, मुलांनी मोठं व्हावं म्हणून झुरणारा, लवकर गेलेला बाप. मुलगा मोठा झाला, बापाच्या स्वप्नापेक्षाही मोठा झाला, आणि नेमका तिथे आवाज गेला. १९२३ च्या 'मी आणि ते' या पुस्तकात फ्रॉईडने लिहिलंच आहे की काही रोग्यांना अपराधी वाटतच नाही, त्यांना फक्त आजारी वाटतं. अपराध मुका असतो. एकच बसलेला घसा, आणि त्याच्याकडे बघणारे दोन वैद्य. एक विचारतो, हा आवाज कुठून आला? दुसरा विचारतो, हा तुला कुठे नेतोय?

त्याच १९२३ च्या पुस्तकात घोडा आहे. 'मी' हा स्वार आणि 'ते' हा घोडा. बिचाऱ्या स्वाराला पुष्कळदा घोडा जाईल तिकडेच त्याला नेल्याचा आव आणावा लागतो, असं फ्रॉईड मिश्किलपणे सांगतो. गझालींच्या 'इह्या' या मोठ्या ग्रंथातही स्वार आहे, पण तो शिकारीला निघालेला आहे. बुद्धी स्वार, वासना घोडा, आणि राग हा बरोबरचा कुत्रा. घोडा मारायचा नाही, कुत्राही मारायचा नाही, दोघांना शिकवायचं. नाहीतर शिकार कशी होणार? कठोपनिषदातला रथ आपल्याला ठाऊकच आहे आणि प्लेटोचाही आहे. मला फरक जाणवतो तो इतकाच, की फ्रॉईडच्या स्वाराला कुठे पोचायचं आहे हे तो सांगत नाही. पडला नाही म्हणजे पुष्कळ झालं!

आता 'मन खातं' याकडे. आमच्या घरच्यांना ठाऊक आहे म्हणून लिहिते. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या ताईचे यजमान गेले. रात्री ताप वाढला तेव्हा "सकाळी बघू" असं ताई म्हणाली होती. ते दोन शब्द तिला आजतागायत खातात. समुपदेशन करणाऱ्या एका भल्या बाईंनी तिला सांगितलं, ही अपराधभावना आहे, ती सोडून द्या. ताई म्हणाली, "सोडून द्यायला मी ती हातात धरलीय का?" मग तिच्या मजल्यावरच्या आपा एकदा बसायला आल्या. त्या म्हणाल्या, "ताई, अल्लाहने शपथ घेतलीय ना, तीसुद्धा याच नफ्सची, स्वतःला बोलणाऱ्या." खरंच तसं आहे. पंचाहत्तराव्या सूरेच्या सुरुवातीलाच ती शपथ आहे. ताईला त्याने बरं वाटलं की नाही हे मी सांगू शकत नाही. पण आपल्याला जे टोचतंय ते आजारी नसून आपल्यातलं चांगलं माणूस आहे, असं तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं.

तरी फ्रॉईडला मी बाहेर काढणार नाही. १९१७ च्या 'शोक आणि विषाद' या निबंधात तो विचारतो, शोकात काही माणसं स्वतःला इतकं का फाडून खातात? त्याचं उत्तर असं की ते बोल मुळात दुसऱ्यासाठी होते, ते उलटून आपल्यावर आले. ताईचं ऐकताना मला कधीकधी त्यात आमच्या आईचा सूर ऐकू येतो. "तुला कसं गं कळलं नाही?" हे आईचं वाक्य, थोरलीला दिवसातून चार वेळा ऐकावं लागलेलं. आईला जाऊन तीस वर्षं झाली, वाक्य राहिलं. हे मला फ्रॉईड वाचल्याशिवाय ऐकू आलं नसतं. तेव्हा ताईला खाणारा लव्वामा किती आणि आई किती, हा हिशेब मुहासिबींनाही सोपा गेला नसता.

गंमत म्हणजे बोल लावण्याचे धोके गझालींनाही ठाऊक होते, आणि तेही मुलांच्या बाबतीत. ते लिहितात की मुलाचं एकदा चुकलं तर कानाडोळा करावा, चारचौघांत उघडं पाडू नये. पुन्हा चुकलं तर एकांतात सांगावं. सारखं बोलू नये, कारण बोलणी ऐकायची सवय झाली की शब्दाचा धाक उरत नाही. मदरशातून आल्यावर मुलाला खेळू द्यावं, नाहीतर त्याचं हृदय मरतं. नऊशे वर्षांपूर्वीचं हे वाचून आमच्या काळच्या पुष्कळ स्टाफरूम डोळ्यांसमोर आल्या. स्वतःचे दोष ओळखायलाही त्यांनी चार वाटा दिल्या आहेत: गुरू, खरं बोलणारा मित्र, शत्रूची जीभ, आणि लोकांत मिसळून इतरांत दिसणारे दोष स्वतःत शोधणं. तिसऱ्या वाटेपाशी आपल्याला तुकोबांचा शेजारी आठवल्याशिवाय राहत नाही.

ही दोन घराणी खरोखर एका टेबलाशी बसली ती कैरोमध्ये. पॅरिसहून शिकून आलेले युसूफ मुराद (१९०२–१९६६) यांनी मुस्तफा झीवर यांच्याबरोबर १९४५ मध्ये मानसशास्त्राचं एक नियतकालिक काढलं, ते १९५३ पर्यंत चाललं. नाव 'मजल्लत इल्म अन-नफ्स'. अरबीत मानसशास्त्राला आजही 'इल्म अन-नफ्स'च म्हणतात, उर्दूत 'नफ्सियात'. फ्रॉईडच्या 'नेणिवे'ला अरबी शब्द हवा होता. मुरादांनी 'ला-शुऊर' हा शब्द घेतला, तो बाराव्या-तेराव्या शतकातल्या सूफी इब्न अरबींकडून. या सगळ्यावर ओम्निया एल शाक्री यांचं 'द अरॅबिक फ्रॉईड' हे पुस्तक २०१७ मध्ये आलं, ते जरूर मिळवा. १९५८ मध्ये मुस्तफा सफवान यांनी फ्रॉईडचा स्वप्नांवरचा ग्रंथ अरबीत आणला, आणि नाव दिलं 'तफ्सीर अल-अहलाम'. इब्न सिरीन यांच्या नावावर खपणाऱ्या जुन्या स्वप्नफलाच्या पुस्तकाचंही हेच नाव! दुकानात कुणी चुकून भलतंच उचललं असेल का, असं उगाच मनात येतं.

सगळ्यांना हे रुचलं नाही. सुदानचे मालिक बद्री (१९३२–२०२१) स्वतः मानसशास्त्रज्ञ, पण १९७५ मध्ये त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना सुनावलं की पाश्चात्यांच्या मागोमाग तुम्ही वाळवंटी सरड्याच्या बिळात शिरताय. हा दाखला हदीसमधला. १९७९ मध्ये याच विषयावर त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा मुख्य रोख फ्रॉईडवर होता. पुढे त्यांनी उतारवयात एक जुना ग्रंथ हाती घेतला. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांचा, शरीर आणि जीव या दोन्हींच्या स्वास्थ्याविषयीचा. त्यात राग, भीती, खिन्नता आणि डोक्यातून न जाणारे विचार, अशी सरळ प्रकरणंच आहेत. कारण माहीत असलेलं दुःख वेगळं आणि कारण न सापडणारं वेगळं, हेही बल्खींनी नोंदवलं आहे. बद्रींनी त्यातल्या जिवाच्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ताईसाठी मी खिन्नतेच्या प्रकरणाचं मराठी करायला घेतलं आहे. चार पानं झालीत.