गॅसबत्तीचा गाळ आणि भंगारातले चुंबक

१/ वरूड असो वा मुंबई, जुनी हार्ड डिस्क भंगारात विकताना मोल होते ते धातूच्या वजनाचे. आतल्या निओडिमियम-चुंबकाचा हिशेब क्वचितच होतो. या दुर्लक्षाला मोठा इतिहास आहे.

२/ १८८५ मध्ये निओडिमियम वेगळे करणारे ऑस्ट्रियन रसायनज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनीच गॅसबत्तीचे मँटल सिद्ध केले. आपल्या आजोबांच्या वराती त्याच उजेडात निघाल्या.

३/ मँटलसाठी मोनाझाइट वाळूतून थोरियम काढीत. उरलेली दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये गाळ ठरत. १९०३ मध्ये वेल्सबाख यांनी त्यांतूनच लायटरची चकमक घडवली. टाकाऊतून टिकाऊ!

४/ १९०९ मध्ये त्रावणकोरच्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञास मोनाझाइट आढळले. १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ स्थापन झाली, १९५५ मध्ये तुर्भ्याचा थोरियम कारखाना सुरू झाला. तेव्हाही लक्ष्य अणुइंधन होते, चुंबक नव्हे.

५/ १९८० च्या दशकारंभी जपानचे सागावा आणि अमेरिकेचे क्रोट यांनी निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक स्वतंत्रपणे घडवले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध घालताच जगभरचे वाहनउद्योग हादरले. सप्टेंबरात भारताने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली.

६/ हे चुंबक लोखंडासह भट्टीत गेले, तर निओडिमियम मळीत हरवते. वेगळे काढून हायड्रोजन वायूत ठेवले, तर त्याची भुकटी होते आणि तिच्यापासून नवे चुंबक घडते. म्हणून निर्णायक काम भट्टीआधीचे, भंगार निवडणाऱ्या हातांचे आहे. त्या श्रमाला दाम मिळाला, तरच योजना कागदाबाहेर येईल.