गांधर्व महाविद्यालय : वास्तु आणि मंडळ

कलेच्या सार्वजनिक स्थानास स्थैर्य कशानें येतें, याचा निर्णय करण्यास गांधर्व महाविद्यालयाचा वृत्तांत उपयोगी पडतो. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं तें ५ मे १९०१ रोजीं लाहोरास स्थापिलें. केवळ संस्थानिकांच्या आश्रयावर न विसंबतां लोकांच्या देणग्या व जलशांचें उत्पन्न यांवर चालविलें. १९०८ सालीं तें मुंबईस आलें. पुढें तेथें स्वतःची इमारत झाली. परंतु कर्जापायीं ती लिलावांत गेली. भार मुख्यतः एका पुरुषाच्या कमाईवर होता, हेंच त्याचें कारण, असें आम्हांस वाटतें. १९३१ सालीं पंडितजी निवर्तले. त्याच वर्षीं शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. इमारत गेली, मंडळ आजहि चालू आहे. पोथ्यांचे संग्रह करणाऱ्या गृहस्थांनींहि हयातींतच असें नियमबद्ध मंडळ करून संग्रह त्याच्या स्वाधीन करावा, हें उत्तम.