तापी-नर्मदेचा काठ आणि न झालेला जलमार्ग

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट हे गाव ज्या तापीच्या खोऱ्यात वसले आहे, ती नदी 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमान्वये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 100 ठरली आणि जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत क्रमांक 73 वर नोंदली गेली. देशातील एकूण 111 राष्ट्रीय जलमार्गांपैकी दोन एकाच आदिवासीबहुल जिल्ह्याच्या वाट्याला यावेत, ही कागदावर तरी मोठी गोष्ट आहे. प्रत्यक्षात सातपुड्याच्या दोन्ही अंगांना नावेचा इतिहास आहे, बंदराचा मात्र नाही. आणि ही उणीव निसर्गाने किती घडवली व माणसाने किती, हे तपासायचे तर युरोपातील नद्या व कालवे आज ज्या अवस्थेत आहेत तेथपर्यंत कसे पोहोचले, हेही पाहावे लागते.

बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावून सुमारे 724 किलोमीटरचा प्रवास करणारी तापी खानदेशात खोल पात्रातून, उंच आणि पावसाने चिरलेल्या दरडींच्या मधून वाहते. पावसाळ्यात तिचे पाणी दरडींना भिडते, तर उन्हाळ्यात डोह आणि कातळ यांच्यामध्ये उथळ धार तेवढी उरते. त्यामुळे वर्षभर एकाच खोलीचे पाणी लागणारी मालवाहतूक या नदीवर कधी उभी राहिली नाही. नदीचा उपयोग लांबीने नव्हे, आडवा झाला. जेथे दरड उतरती आणि तळ घट्ट असे, तेथे ‘उतार’ म्हणजे पायी किंवा गाडीने ओलांडण्याची जागा असे, आणि पाणी वाढले की त्याच ठिकाणी नाव लागे. महाराष्ट्रातील नद्यांवर या कामासाठी सपाट तळाच्या नावा, दोन नावा फळ्यांनी जोडून केलेली किंवा सुक्या भोपळ्यांवर तोललेली सांगड, आणि एकाच खोडातून कोरलेली डोंगी ही साधने वापरात होती. सपाट तळ हा येथे सोयीचा नव्हे, गरजेचा भाग होता, कारण धक्का नसलेल्या काठावर नाव चिखलातच टेकवावी लागते आणि निमुळत्या तळाची नाव टेकताच कलंडते. 1868 च्या मुंबई फेरी अधिनियमाने अशा उतारांना सार्वजनिक तरीचा दर्जा देऊन त्यांचे ठेके लिलावाने देण्याची रीत कायम केली. सरकारला महसूल मिळाला, ठेकेदाराला भाडे मिळाले. काठ मात्र पूर्वी होता तसाच राहिला.

याच नदीच्या मुखाशी चित्र अगदी वेगळे होते. सुरत हे सतराव्या शतकातील पश्चिम भारताचे पहिल्या प्रतीचे बंदर, पण तापीच्या मुखातील वाळूच्या दांड्यांमुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती किनाऱ्यावरील सुवाळी येथे, वाळूच्या दांड्याआड तयार झालेल्या शांत खोलगट पाण्यात नांगर टाकत आणि माल लहान गलबतांतून व बैलगाड्यांतून सुरतेस जाई. 1612 मध्ये याच सुवाळीजवळ इंग्रज जहाजांनी पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली, आणि 1615 च्या सप्टेंबरात इंग्लंडचा वकील सर टॉमस रो येथेच उतरला. जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी तो सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे अजमेरला गेला, तेव्हा त्याच्या वाटेवर नंदुरबार लागले. समुद्रावर शिडाच्या जहाजात महिनोन्‌महिने काढलेल्या या माणसाला तापीच्या खोऱ्यातून वर जाताना नदीचा काहीही उपयोग झाला नाही. बऱ्हाणपूर आणि खानदेशचा माल सुरतेला जाई तोही गाड्यांवरून आणि बैलांच्या पाठीवरून. नदी शेजारून वाहत असताना व्यापार रस्त्याने चाले.

त्याच सतराव्या शतकात फ्रान्समध्ये एका निराळ्या विचाराला मूर्त रूप आले. पिएर पॉल रिके याच्या प्रयत्नांतून घडलेला आणि 1681 मध्ये सुरू झालेला मिदी कालवा सुमारे 240 किलोमीटर लांबीचा असून त्याने तुलूझजवळची गारोन नदी भूमध्य समुद्राशी जोडली. या कालव्याचा आत्मा म्हणजे लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला पाण्याचा बंदिस्त हौद. नाव खालच्या दाराने आत घेऊन ते दार लावायचे, वरच्या बाजूची झडप उघडून हौद हळूहळू भरू द्यायचा, आणि आतले पाणी वरच्या पाण्याशी समपातळीत आले की वरचे दार जवळजवळ हाताच्या जोराने उघडते. मग नाव पुढच्या, काही मीटर उंच टप्प्यावर निघून जाते. दाराच्या दोन फळ्या वरच्या पाण्याच्या दिशेला टोक करून मिटतात, त्यामुळे वरच्या पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बंद ठेवतो. मिदी कालव्यावरील हौदांच्या भिंती बाहेर फुगलेल्या, लंबगोल आहेत, कारण सरळ भिंती मातीच्या रेट्याने ढासळत असल्याचे रिकेला कामातच कळून चुकले होते. डोंगर चढणारे पाणी असे या रचनेचे वर्णन करता येईल, पण तिचे खरे वैशिष्ट्य पातळीच्या शिस्तीत आहे: दोन लॉकांमधल्या टप्प्यात पाणी जवळजवळ स्थिर राहते, म्हणून काठावर दगडी धक्का बांधता येतो, नाव त्याच्या उंचीला जुळवून घडवता येते आणि गावाचे घर पाण्याला लागून उभे राहू शकते.

नावेची घडण पुढे या हौदांच्या मापानेच ठरली. इंग्लंडच्या मध्य भागातील अठराव्या शतकातील कालव्यांवरील लॉक जेमतेम सात फूट रुंदीचे असल्याने तेथील नाव सुमारे सत्तर फूट लांब आणि सात फुटांहून किंचित कमी रुंद अशी, काठीसारखी सडपातळ झाली. फ्रान्समध्ये सार्वजनिक बांधकाममंत्री फ्रेसिने याने 1879 मध्ये लॉकचे माप 39 मीटर लांब व 5.20 मीटर रुंद असे ठरवून दिले आणि मालवाहू नावा त्या साच्यात बसवण्यात आल्या. नेदरलँड्समधील उथळ पाण्यात सपाट तळाची, दोन्ही कुशींना खालीवर करता येणाऱ्या फळ्या लावलेली शिडाची नाव रुळली. वाऱ्याने नाव बाजूला सरकू नये म्हणून या फळ्या पाण्यात सोडायच्या आणि उथळ जागी वर ओढायच्या. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेने ऱ्हाईनवरील नौकानयनासाठी आंतरराष्ट्रीय मंडळाची पायाभरणी केली, तेव्हापासून त्या नदीला सर्व राष्ट्रांसाठी समान नियम लाभत गेले.

या सगळ्या व्यवस्थेत मोटरबोटीचा प्रवेश बराच उशिराचा. गॉटलिब डाइमलर याने 1886 मध्ये आपले पेट्रोल इंजिन नेकर नदीवरील होडीत बसवून पाहिले. स्फोटाच्या भीतीने लोक बिचकू नयेत म्हणून होडी विजेवर चालते असे भासवणाऱ्या तारा तिच्यावर बसवल्याची कथा सांगितली जाते, आणि नव्या यंत्राची ओळख खोट्या तारांनी करून द्यावी लागली यात त्या काळाची चांगलीच ओळख पटते. मालवाहतूक रेल्वे आणि ट्रक यांच्याकडे वळत गेली तेव्हा कालवे मोडीत निघण्याची वेळ आली होती. इंग्लंडमध्ये 1946 मध्ये रॉबर्ट एकमन, टॉम रोल्ट आदींनी स्थापन केलेल्या जलमार्ग संघटनेने त्याविरुद्ध चळवळ उभारली, आणि 1968 च्या कायद्याने सहलीच्या नौकांसाठी राखलेल्या जलमार्गांचा वेगळा वर्ग मान्य केला. आज डच किंवा फ्रेंच कालव्यावर स्वतःची पोलादी बोट हाकणारा हौशी मालक पुलाखालून जाण्यासाठी छप्पर व डोलकाठी खाली पाडतो, बोटीच्या नाळेत बसवलेल्या आडव्या पंख्याने ती जागच्या जागी वळवून लॉकमध्ये घालतो आणि संध्याकाळी गावाच्या धक्क्याला दोर बांधून वीज-पाणी घेतो. त्याची ही मौज तीनशे वर्षांच्या मालवाहतुकीने, करांनी आणि कायद्याने मागे सोडलेली मिळकत आहे. पर्यटनाच्या पत्रकांत मात्र ती निसर्गाची देणगी असल्यासारखी दाखवली जाते.

महाराष्ट्रात असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव कडाडले आणि वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस पाण्याने समुद्रावर नेण्याच्या योजनेला जोर आला. सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेनुसार गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांवर जलमार्ग करायचा होता, आणि त्यात दुम्मगुडेम, इचंपल्ली व देवलमरी येथील खडकाळ अडसर हे मुख्य अडथळे होते. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि लॉक बांधण्याचे काम हाती घेण्यात आले, नदीवर वाफेच्या बोटीही चालल्या. पण 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली, कापसाने मुंबईची वाट धरली, आणि 1871 मध्ये गोदावरीचे काम सोडून देण्यात आले. तापीच्या खोऱ्यालाही पुढे हाच न्याय मिळाला: सुरत ते अंमळनेर धावणारी तापी व्हॅली रेल्वे 1898 ते 1900 या काळात खुली झाली आणि नंदुरबारचा कापूस व धान्य रुळांवर चढले. युरोपातही रेल्वेने कालव्यांचा धंदा मोडला, परंतु तेथे मोडण्यापूर्वी ते पुरे झालेले होते. येथे पाया घालतानाच काम थांबले. कोकण किनाऱ्यावर आगबोटी दीर्घकाळ चालल्या, तरी अनेक बंदरांत त्या दूर समुद्रात उभ्या राहत आणि उतारूंना पडावातून किनारा गाठावा लागे, म्हणजे धक्क्याची उणीव तेथेही होतीच.

विसाव्या शतकात सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना अखेर पाणी साठले ते धरणांमुळे. तापीवर गुजरातमधील उकाई धरण 1972 मध्ये पुरे झाले आणि त्याचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दीत शिरला; पुढे प्रकाशे आणि सारंगखेडे येथे बंधारे झाले. नर्मदेवर सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित केली, त्यांत मणिबेलीपासून आतपर्यंतच्या पाड्यांच्या वाटा, शेते आणि घरे बुडाली. जेथे पूर्वी डोंगरकडेने चालत जाता येत असे, तेथे आता पाण्यानेच जाणे भाग पडले, आणि डोंगी, इंजिन लावलेली नाव व सरकारी बार्ज ही जगण्याची साधने झाली. आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना, म्हणजे डॉक्टर आणि औषधे घेऊन काठावरच्या पाड्यांना फिरणारी बोट, हा याच परिस्थितीतून आलेला उपाय होय.

या पाण्याचे आणि युरोपीय कालव्याच्या पाण्याचे वेगळेपण आकड्यांत स्पष्ट दिसते. सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर असून पाणी वापरण्याची किमान पातळी 110.64 मीटर आहे, म्हणजे जलाशय वर्षभरात 28 मीटरपर्यंत वरखाली होऊ शकतो. डोंगराच्या उतारावर हे अंतर पडले की कालचा काठ आज टेकडीच्या मध्यावर येतो, मध्ये ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि नावेतून उतरलेल्या माणसाला, मग ती डोक्यावर धान्याचे पोते घेतलेली बाई असो की झोळीतून आणलेला रोगी असो, त्या गाळातूनच वाट काढावी लागते. बुडालेल्या झाडांची खोडे पाण्याखाली असली तर इंजिनाच्या पंख्याला त्यांचा धोका वेगळाच. उकाई काय किंवा सरदार सरोवर काय, धरणाला लॉक ठेवलेला नाही. त्यामुळे भरूचकडून किंवा सुरतेकडून नाव वर येण्याचा मार्ग बांधकामानेच बंद झाला आहे. जलमार्ग आणि जलाशय यांतला हा फरक योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आला नसेल असे मानणे कठीण आहे. सिंचन आणि वीज यांच्या हिशेबात नावेचा रकानाच नव्हता, एवढेच खरे.

नियमांच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. अंतर्देशीय नौकांसाठी 1917 पासून कायदा होता आणि 2021 मध्ये नवा कायदा आला, पण दुर्गम काठावरील लाकडी नावेपर्यंत तपासणी, उतारूंची मर्यादा आणि जीवरक्षक जाकिटे पोहोचवणे हे कायद्याच्या मजकुरापेक्षा फार अवघड काम ठरले. जानेवारी 2019 मध्ये मकरसंक्रांतीच्या सणाला धडगाव (अक्राणी) तालुक्यात नर्मदेत गर्दीने भरलेली नाव उलटून भाविकांचे बळी गेले, तेव्हा या उणिवेची किंमत सर्वांना दिसली.

तापी-नर्मदेवर सहलीच्या मोटरबोटी आणण्याच्या कल्पना अधूनमधून पुढे येतात, आणि त्यांत वावगे काही नाही. परंतु युरोपात बोट आधी आली नव्हती, धक्का आणि पातळी आधी आली होती. ऱ्हाईनसारख्या चढउताराच्या नदीवर पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के आणि त्यांना काठाशी जोडणारे बिजागरीचे पूल असतात. नर्मदेच्या 28 मीटरांसाठी तेवढेच पुरणार नाहीत, उतारावर टप्प्याटप्प्याने पायऱ्या आणि हलवता येणारे धक्के लागतील, आणि ते आधी रोगी, शाळकरी मुले व बाजाराला जाणारी माणसे जेथून चढतात तेथे हवेत. ते होईपर्यंत क्रमांक 73 आणि क्रमांक 100 हे अधिनियमाच्या अनुसूचीतले आकडेच राहतील.