यंत्राचा नकार

श्रोतेहो, व्यवहारांत होकार देण्याला फारशी अक्कल लागत नाहीं. माणसाची आणि संस्थेची परीक्षा होते ती नकार देतांना. आपल्या जुन्या सावकारी पेढ्यांना हें चांगलें ठाऊक होतें. पेशवाईच्या काळांत काशीयात्रेला निघालेला गृहस्थ वाटेंत रोकड बाळगण्याऐवजीं पुण्याच्या पेढींत पैसे भरून बनारसच्या पेढीवरची हुंडी घेई. ही हुंडी वाटेंत गहाळ झाली तर? बनारसच्या पेढीनें ती सकारलीच नाहीं तर? या दोन्ही संकटांचा विचार सावकारी रिवाजानें आधींच करून ठेवलेला होता. हरवलेल्या हुंडीबद्दल दुसरी लिहून मिळे, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. पेठेंत मूळ हुंडीचा दाखला असे आणि तिचे पैसे चुकते झाले नसतील तरच हे द्यावे असा तिचा अर्थ असे. म्हणजे एकाच हुंडीचे पैसे दोनदां निघावयाचे नाहींत. हुंडी परत फिरण्याचें भय असेल तर तिच्याबरोबर जिकरी चिठ्ठी दिली जाई. ती त्याच गांवच्या दुसऱ्या एकाद्या पतवान गृहस्थाच्या नांवें असे, आणि पहिल्यानें हुंडी नाकारली तर आपण ती सकारावी, अशी तींत विनंति असे. "पैसे मिळत नाहींत" एवढें ऐकून यात्रेकरूनें घाटावर बसून राहावें, अशी ती रीत नव्हती. प्रत्येक अडचणीला एक नांव होतें आणि प्रत्येक नांवापुढें एक वाट होती.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो या सावकारी शहाणपणाचाच एक उशिरां आलेला अध्याय आहे. एक संगणक दुसऱ्या संगणकाकडे कांहीं मागतो आणि दुसरा "नाहीं" म्हणतो. हें "नाहीं" कसें म्हणावें, आणि तें नीट म्हटलें जातें कीं नाहीं हें आधीं कसें पारखून घ्यावें, असा हा विषय आहे. वरवर पाहतां तो रुक्ष वाटेल. परंतु बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुडसारख्या गांवीं, रेशनच्या दुकानापुढें उभ्या असलेल्या बाईच्या पिशवींत धान्य पडतें कीं नाहीं, हें आज पुष्कळ अंशीं याच "नाहीं"वर अवलंबून असतें.

यंत्रांच्या नकाराला पहिली शिस्त लागली ती अमेरिकेंत, अर्पानेट नांवाच्या जाळ्यावर. निरनिराळ्या विद्यापीठांतील संगणक एकमेकांकडे फायली पाठवूं लागले होते. पण काम फसलें म्हणजे प्रत्येकाचें उत्तर निराळें. जून १९७४ मध्यें जॉन पोस्टेल, नॅन्सी नायगस आणि केन पोग्रन यांनीं या उत्तरांची सुधारलेली पद्धति मांडली. उत्तर तीन आंकडी असावें. आंकडा यंत्रासाठीं, आणि त्यापुढील वाक्य माणसासाठीं. पहिला आंकडा १ असेल तर काम सुरू झालें. २ असेल तर पुरें झालें. ३ असेल तर आणखी कांहीं सांगा, मग पुढें जाऊं. ४ चा अर्थ, आत्तां जमत नाहीं, थोड्या वेळानें पुन्हां या. ५ चा अर्थ, हें होणें नाहीं. तीच विनंति घेऊन पुन्हां येऊं नका. ऑगस्ट १९८२ मध्यें पोस्टेल यांनीं इलेक्ट्रॉनिक टपालाचे नियम लिहिले तेव्हां त्यांतही हीच पद्धति ठेवली. पत्रपेटी तूर्त मोकळी नसेल तर ४५०. त्या नांवाची पेटीच नसेल तर ५५०. पहिल्या उत्तरावर पाठविणाऱ्या यंत्रानें थांबून पुन्हां प्रयत्न करावा, दुसऱ्यावर पत्र धन्याकडे परत करावें.

या पद्धतीचें मर्म आपण ध्यानांत घ्यावें. तिनें नकाराची वांटणी केली ती एका व्यावहारिक प्रश्नावर: "पुन्हां यावें कीं नाहीं?"

पुढें १९९१ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांच्या वेबचे पहिले नियम झाले. हे नियम इतके साधे होते कीं, त्यांत यश आणि अपयश यांची खूणच नव्हती. मागितलेला मजकूर आला काय किंवा "मजकूर सांपडत नाहीं" असें वाक्य आलें काय, दोन्ही एकाच तऱ्हेनें येत. वाचणारा माणूस असल्यामुळें तें खपून जाई. वाचणारें यंत्र असतें तर त्याला क्षमायाचनेलाच मजकूर समजावें लागलें असतें. ही उणीव लौकरच जाणवली. मे १९९६ मध्यें एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीचें टिपण प्रसिद्ध झालें, त्यांत तीन आंकडी उत्तरें होतीं. २०० म्हणजे ठीक. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तु येथें नाहीं, हा आंकडा तर पुढें लहान मुलांनाही ठाऊक झाला. ५०० म्हणजे उत्तर देणाऱ्या संगणकांतच बिघाड.

आंकडे जुन्या घराण्यांतले दिसत असले तरी त्यांचा अर्थ या वेळीं बदलला होता. वेबवर ४ नें सुरू होणारें उत्तर म्हणजे मागणाऱ्याची चूक, आणि ५ नें सुरू होणारें म्हणजे देणाऱ्याची. जुना प्रश्न होता, "पुन्हां यावें कीं नाहीं?" नवा प्रश्न झाला, "चूक कोणाची?" दोष कोठें शोधावा हें कारागिराला कळलें पाहिजे, आणि त्याच्या दृष्टीनें हा बदल सोयीचा होता. पण दारांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोष कोणाचा यापेक्षां आतां काय करावें हेंच आधीं हवें असतें. वेबच्या नियमांना तें मागाहून थोडें थोडें जोडावें लागलें. सेवा तूर्त बंद असल्याचें सांगणाऱ्या ५०३ बरोबर किती वेळानें यावें हें कळविण्याची सोय झाली. फार वेळां मागणी करणाऱ्याला थोपविणारा ४२९ हा आंकडा २०१२ सालीं आला. मार्च २०१६ मध्यें अडचणीचा प्रकार, मथळा आणि तपशील ठराविक सांच्यांत कळविण्याचा नियम झाला, आणि जुलै २०२३ मध्यें तो सुधारून पुन्हां प्रसिद्ध करण्यांत आला.

हीं टिपणें ज्यांच्यासाठीं लिहिलीं जात होतीं ते वाचकही आतां बदलले होते. प्रोग्रॅमनें प्रोग्रॅमशीं बोलण्यासाठीं ठरविलेल्या बोलीला एपीआय म्हणतात. आपण तिकीट काढतों, वीजबिल भरतों, बँकेंतून पैसे पाठवितों, तेव्हां पडद्यामागें अशीं दहावीस संभाषणें होऊन जातात. त्यांत एक दुर्गुण फार पसरला. बाहेरच्या पाकिटावर २०० चा शिक्का, आणि आंत चिठ्ठी, "काम झालें नाहीं." पाकीट पाहून पुढें जाणारें यंत्र फसतें, आणि झालेंच नाहीं तें काम झालें म्हणून नोंदलें जातें. खोटा होकार हा उघड नकारापेक्षां घातक, हें जगांतल्या प्रत्येक हिशेबनिसाला ठाऊक आहे.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढें हा क्रमांक रेशनच्या धान्याशीं जोडला गेला. दुकानांतील पॉस यंत्रावर कार्डधारकानें बोट ठेवावें. यंत्रानें तो ठसा दूरच्या संगणकाकडे पाठवावा. तेथून "होय" किंवा "नाहीं" यावें. "नाहीं" आल्यास त्याच्यासोबत कारणाचा आंकडा असतो. या आंकड्यांची यादी प्राधिकरणाची स्वतःची आहे. वेबच्या आंकड्यांशीं तिचा संबंध नाहीं. ३०० म्हणजे ठसा जुळला नाहीं. ३३० म्हणजे धारकानें स्वतःच आपल्या ठशांना कुलूप घातलें आहे. ८११ म्हणजे त्या क्रमांकापुढें ठशांची नोंदच नाहीं. ९९९ म्हणजे कारण अज्ञात. या चार नकारांचे चार उपाय आहेत. पहिल्याला दुसरें बोट लावून पाहावें, दुसऱ्याला कुलूप काढावें, तिसऱ्याला आधार केंद्रावर जावें, चौथ्याला पुन्हां प्रयत्न करून वर कळवावें. सावकारी भाषेंत बोलायचें तर पेठ कोठें आणि जिकरी कोठें, हें यादींत आहे.

पण दुकानाच्या फळीवर हे चारही आंकडे एकाच वाक्यांत विरघळतात: "अंगठा लागत नाहीं."

हें वाक्य कोणाला ऐकावें लागतें? बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको, म्हणजे त्यांच्या हिशेबांतला एक कोयता, कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकांत सहा महिने जातात. पहांटेपासून ऊस तोडणें, पाचट सोलणें, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडींत भरणें, हें करतांना बोटांवरच्या रेषा झिजतात. अशी एकादी दिंद्रुडची बाई पाडव्याच्या सुमारास घरीं परतून दुकानांत बोट ठेवते, आणि यंत्र ३०० म्हणतें. चूक कोणाची? तिची नाहीं, दुकानदाराची नाहीं, यंत्राचीही म्हणतां येत नाहीं; ठसा जुळविणें हा मुळांतच संभवाचा हिशेब आहे, आणि त्यांत खरा माणूस नाकारला जाण्याचा कांहीं अंश राहतोच. "चूक कोणाची" हा प्रश्न येथें निरुपयोगी ठरतो. "आतां काय करावें" हा जुनाच प्रश्न पुन्हां पुढें येतो.

हा अंश किती मोठा होऊं शकतो, याचे आंकडे सरकारी कागदांतच आहेत. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणींत ओळख न पटण्याचे अंदाज दिले आहेत ते असे: झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७, गुजरात ६, आंध्रचा कृष्णा जिल्हा ५. मार्च २०१८ मध्यें प्राधिकरणाच्या मुख्याधिकाऱ्यांनीं सर्वोच्च न्यायालयापुढें सरकारी सेवांतील यशाचें प्रमाण ८८ टक्के सांगितलें. शंभरांतील अठ्ठ्याऐशीं हा परीक्षेंत उत्तम गुण होय. परंतु उरलेल्या बारा वेळां उत्तरपत्रिका फाटत नाहीं, कोणाचें तरी धान्य अडतें.

उपाय लिहिला गेला. २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं प्राधिकरणानें परिपत्रक काढून राज्यांना सांगितलें कीं, ठसा जुळला नाहीं तर डोळ्याच्या बुबुळानें किंवा मोबाइलवर येणाऱ्या एकवेळच्या आंकड्यानें ओळख पटवावी. तेंही न जमल्यास कार्ड पाहून धान्य द्यावें आणि तशी नोंद वहींत ठेवावी. २६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें आधार योजना मुख्यतः उचलून धरली, पण केवळ ओळख पटली नाहीं म्हणून पात्र माणूस वंचित राहूं नये, हेंही बजावलें. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड, जे पुढें सरन्यायाधीश झाले, यांचें म्हणणें असें कीं माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क गणिती संभवावर टांगून ठेवतां येत नाहींत. मतभेद योजनेच्या वैधतेविषयीं होता. ओळख न पटल्यामुळें कोणी उपाशी राहूं नये, याविषयीं नव्हता.

परंतु वहींत लिहिलेली वाट आणि फळीवर मिळणारी वाट यांत अंतर असतें. हें अंतर आधीं मोजण्याची विद्या म्हणजेच नकाराची चाचणी. बहुतेक यंत्रें बांधणारे ज्या मार्गानें काम सरळ होतें तोच मार्ग पुन्हां पुन्हां तपासतात. चांगला परीक्षक मुद्दाम वांकड्या वाटेनें जातो. तो क्रमांकांतला एक आंकडा गाळून पाठवितो आणि उत्तर ४ नें सुरू होतें कीं ५ नें, हें पाहतो. दूरचा संगणक बंद करून ठेवतो, संथ करतो. अमेरिकेंतील नेटफ्लिक्स कंपनीनें तर आपलेच चालते संगणक दिवसाढवळ्या बंद पाडणारा प्रोग्रॅम केला आणि २०१२ मध्यें तो सर्वांना खुला करून दिला. त्याचें नांव केऑस मंकी, म्हणजे मुद्दाम घरांत सोडलेलें माकड.

याहून अवघड परीक्षा उत्तर हरवण्याची. धान्य दिल्याची नोंद दूरच्या संगणकांत झाली, पण "झालें" हें उत्तर परत येतांना जाळें तुटलें. आतां दुकानदारानें पुन्हां कळ दाबली तर तेंच धान्य दोनदां वजा होईल काय? वेबच्या जानेवारी १९९७ च्या नियमांत कोणती विनंति पुन्हां केल्यानें बाधत नाहीं आणि कोणती बाधते, हा भेद सांगितलेला आहे. बाधणाऱ्या विनंतीला स्वतंत्र क्रमांक देऊन तो पुन्हां आल्यास जुनेंच उत्तर द्यावें, हा त्यावरचा तोडगा. आपल्या पेढ्यांनीं पेठेंत मूळ हुंडीचा दाखला घालून नेमकें हेंच साधलें होतें. ९ ऑगस्ट २०१९ रोजीं महाराष्ट्र आणि गुजरात यांचीं रेशनकार्डें एकमेकांच्या राज्यांत चालूं लागलीं, आणि पुढें ही सोय देशभर झाली. कार्ड जितकें दूर चालतें तितकीं मधलीं संभाषणें वाढतात, आणि तितकी ही परीक्षा अधिक जरूरीची होते.

शेवटची परीक्षा सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित. दूरच्या संगणकानें पाठविलेले चार निरनिराळे आंकडे दुकानांतल्या पडद्यावर चार निरनिराळ्या मराठी वाक्यांत उमटतात काय? प्रत्येक वाक्यांत पुढची वाट आहे काय? आणि ही परीक्षा कोणाच्या बोटांनीं केली? कचेरींतल्या मऊ बोटांनीं उत्तीर्ण झालेल्या यंत्रानें कोयता धरणाऱ्या बोटांची परीक्षा दिलेली नसते. चाचणीच्या यादींत म्हाताऱ्याचा, विडी वळणारीचा आणि ऊस तोडणारीचा हात आधींच असला पाहिजे.

श्रोतेहो, कोणतीही व्यवस्था कधींना कधीं "नाहीं" म्हणणारच. पुण्याच्या सावकाराला तें ठाऊक होतें, म्हणून त्यानें यात्रेकरूच्या हातीं हुंडीबरोबर जिकरीही ठेवली. आपल्या यंत्रांकडून याहून अधिक मागायचें नाहीं. याहून कमी मात्र मान्य करूं नये.