लिनक्सचा बसलेला आवाज

एके काळी लिनक्सवर गाणं ऐकायचं तर आधी गुप्तहेर व्हावं लागे. जुन्या ओएसएस पद्धतीत बहुतेक साउंड कार्डं एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळत. ब्राउझर आत शिरून बसला की प्लेअर बाहेर ताटकळत! मग 'फ्यूजर' कमांड चालवून आत कोण बसलाय ते शोधायचं आणि त्याला हाकलायचं.

डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नलबरोबर आल्सा आलं. २००४ मध्ये लेनार्ट पोटरिंगने सगळ्यांचे आवाज एकत्र मिसळणाऱ्या पल्सऑडिओचं काम सुरू केलं. फेडोरा ८ (२००७) आणि उबुंटू ८.०४ (२००८) मध्ये ते आपोआप येऊ लागलं, आणि कित्येकांकडे खरखर सुरू झाली. मीही शिव्या घालत ते काढून टाकलं, वर चार मित्रांनाही तोच सल्ला दिला.

पल्सऑडिओत बग होतेच. पण ते ड्रायव्हरला सारखं विचारायचं, 'कार्डाचं कुठवर वाजवून झालंय?' काही ड्रायव्हर चक्क चुकीचं उत्तर देत. आधी इतक्या बारकाईने कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ते खपून गेलं. चुका जुन्या, मार मात्र नव्याने खाल्ला.

पुढे ड्रायव्हर सुधारत गेले. २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये पल्सऑडिओची जागा पाइपवायरने घेतली, तीही पल्सऑडिओसाठी लिहिलेले प्रोग्राम तसेच चालवत.

आता काही बिघडलं, तर काढून टाकण्याआधी मी लॉग वाचतो. त्या चार मित्रांना मात्र हे सांगायचं राहिलंच. असो.